खाडीपल्याडची सरपंचबाय

आये,

दादा गेला. मागच्या महिन्यात, झोपेतच, फार त्रास न होता. बाराव्याला आम्ही सगळे बेटावर जमलो होतो. जेवणं आटोपल्यावर त्याची नात माझ्याजवळ येऊन बसली. कॉलेजात जाते आता. मला म्हणाली, "आत्याआजी, पणजी सरपंच होती ना? म्हणजे नेमकं काय करायची ती?" मी तिला तासभर सांगत बसले. तिला मजा वाटत होती, मधूनमधून हसत होती, एकदा तर डोळेही पुसले तिने. पण एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. तुलाच कधी सांगितली नव्हती, तर तिला कुठून सांगणार? मुलुंडला घरी परत आले आणि ही वही काढली. तुला वाचता येत नव्हतं, सही तेवढी येत होती, तीही मीच शिकवलेली. आयुष्यभर तुझ्या वतीने मी अर्ज लिहिले, तुला मात्र एक ओळ लिहिली नाही. लिहून तरी काय, परत मीच वाचून दाखवायची.

तेव्हा आपलं बेट कागदोपत्री ठाणे जिल्ह्यातलं होतं आणि जगत होतं बोरिवलीवर. बाजार बोरिवलीचा, डॉक्टर बोरिवलीचा, आठवीनंतरची शाळा बोरिवलीची. मध्ये खाडी. भरती असली की होडी काठाला लागायची, ओहोटीला ती लांब पाण्यात उभी राहायची आणि मधल्या चिखलातून चालत जावं लागायचं. मी शाळेचा गणवेश कमरेला खोचून, बूट डोक्यावर धरून ती वाट चालले आहे. तू तर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालायचीस. कोणाला त्यात विशेष वाटत नव्हतं. चिखल हा जन्मापासूनचा होता, त्याबद्दल तक्रार करायची असते हेच कोणाला माहीत नव्हतं.

मग शेजारची सून अडली. तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आजही घडतो. दुपारची वेळ आहे, पाणी उतरलेलं आहे. तिला खाटेवर घालून चौघे जण चिखलातून नेतायत आणि तू बाजूने तिचा हात धरून चालली आहेस. तिला कसंबसं होडीत चढवतात. तू आत बसतेस, तिचं डोकं मांडीवर घेतेस. होडी थोडी सरकते आणि मधल्या उथळ्यावर रुतून बसते. समोर बोरिवलीचा काठ दिसतो आहे. काठावर उभी असलेली रिक्षासुद्धा दिसते आहे. पुरुष उतरून ढकलतात, होडी हलत नाही. भरतीची वाट बघायची, दुसरं काही करता येत नाही. भरती आली तेव्हा ती गेली होती. पोटातलं बाळही गेलं.

दुसऱ्या दिवशी तू बाजारात गेली नाहीस. अंगावर तेच लुगडं, त्यावर चिखल वाळून पांढरा पडलेला. तशीच पंचायतीच्या कचेरीत गेलीस. तेव्हाचे सरपंच भले गृहस्थ होते, पण त्यांनी भल्या माणसासारखंच उत्तर दिलं, "लेखी दे, बाय. तोंडी काय चालत नाय." तू घरी आलीस. मी बोंबील तळत होते. तू स्टोव्ह बंद केलास आणि म्हणालीस, "सोर ते. लिव."

मी नुकतीच बारावी झाले होते, मोठा तोरा होता मला. 'मेहेरबान साहेबांच्या सेवेशी सविनय सादर' अशी झोकात सुरुवात केली आणि तुला वाचून दाखवली. तू ऐकलंस आणि विचारलंस, "ह्यान चिखल कुठं हाय?"

"आये, अर्ज असाच लिहितात."

"बाय मेली आमची. त्यान सविनय कशाला? चिखल लिव. कवरा चिखल ता लिव. मांडीला लागतो ता लिव."

मग मी तेच लिहिलं. चिखल मांडीपर्यंत आहे. काल आमच्या शेजारची सून होडीत मेली, कारण होडी रुतली. साहेबांनी एकदा ओहोटीच्या वेळी येऊन बघावे. खाली तुझा अंगठा. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खरं मराठी लिखाण, आणि ते तुझं होतं.

पंचायतीच्या निवडणुकीत तुला उभं केलं ते काही मोठेपणा म्हणून नव्हे. बायकांची जागा भरावी लागायची, आणि त्या अर्जानंतर तुझं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, म्हणून. नऊ सभासद निवडून आले. चार वरच्या आळीचे, चार खालच्या आळीचे, आणि तू. सरपंच कोणी व्हायचं यावरून दोन्ही आळ्यांचं हाडवैर. आठवडाभर आपल्या ओट्यावर माणसांची रीघ. वरच्या आळीच्या पुढाऱ्याने तर घरी पापलेटं पाठवली. मासळी विकणाऱ्या बाईला पापलेटं! तू हसून हसून बेजार झालीस आणि ती दुसऱ्या दिवशी बाजारात नेऊन विकलीस.

सभेच्या दिवशी काय झालं ते मला ग्रामसेवकांनी सांगितलं. दोन तास भांडण चाललं. शेवटी तू उठलीस आणि म्हणालीस, "तुमचं जमत नाय ना? मंग मीच बसतंय. पटत असंल तं हात वर करा." दोन्ही बाजूंनी विचार केला असणार, की समोरचा बसण्यापेक्षा ही बरी, हिच्याकडून पाहिजे तिथे अंगठा उमटवून घेता येईल. आठही हात वर झाले. तू घरी आलीस ती थेट माझ्याकडे. पाटी-पेन्सिल मागितलीस. तीन संध्याकाळी बसून सही गिरवलीस. 'अंगठा त्यांना पायजे,' म्हणालीस, 'म्हून सही.'

खुर्चीवर तू मांडी घालून बसायचीस. पाय लोंबकळत ठेवले की तुला विचार सुचत नसे. सकाळी बाजार, दुपारी कचेरी, तिसऱ्या प्रहरी मी आणि अर्ज. लोक तुला सरपंचबाय म्हणायला लागले. आधी चेष्टेने म्हणायचे, पुढे त्यातली चेष्टा कधी गेली ते कळलंही नाही.

होडीसाठी धक्का बांधायचा म्हणून जागेची पाहणी करायला इंजिनीयर येणार होते तो दिवस मी नातीला अगदी रंगवून सांगितला. साहेबांनी निरोप पाठवला होता की भरतीची वेळ कळवा, म्हणजे सोयीचं होईल. तू मला म्हणालीस, "वेळ कळव." मी पंचांग बघून भरतीची वेळ लिहायला घेतली, तर तू कागदावर हात ठेवलास. "ओटीची लिव." मी घाबरले. सरकारी माणसाला फसवायचं? तू म्हणालीस, "आपून भरतीला मेलो का?" साहेब आले. पायात चकचकीत बूट. होडी लांब पाण्यात थांबली. तू चिखलात उतरून होडीपर्यंत गेलीस, नमस्कार केलास, आणि म्हणालीस, "या साहेब, इथनंच यावं लागतं." ते उतरले. दहा पावलांत एक बूट चिखलाने गिळला. तू स्वतः कोपरापर्यंत हात घालून तो शोधून काढलास, खाडीच्या पाण्यात धुतलास, पदराने पुसलास आणि त्यांच्या हातात दिलास. हसली नाहीस. तेही रागावले नाहीत. घरी येऊन तुझ्या हातचा चहा प्यायले आणि अनवाणीच सगळा काठ मोजला. जाताना मला म्हणाले, "तुमच्या आईंना सांगा, काम होईल."

आणि झालं. लगेच नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, मी किती अर्ज लिहिले त्याची गणती नाही, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला तुझंच वाक्य: आपण भरतीला मेलो का? पण धक्का झाला. उद्घाटनाला एक पुढारी आले, फीत कापली, बराच वेळ बोलले. मग तुला बोलायला सांगितलं. तू माईककडे संशयाने बघितलंस आणि म्हणालीस, "आता चप्पल घालून होरीन बसा." बस्स. खाली बसलीस. मी आजवर ऐकलेलं ते सगळ्यात चांगलं भाषण आहे. त्या शेजारच्या घरातली सासू पहिल्या रांगेत बसली होती. तिने आपल्या पायातल्या चपलांकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. त्याच आठवड्यात बोरिवलीच्या बाजारातून तू माझ्यासाठी शाईचं पेन आणलंस. भाजीच्या पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवलंस.

माझं डोकं मात्र चढलं होतं. सरपंचाची मुलगी म्हटल्यावर होडीवाला जागा देई, दुकानदार आधी सामान बांधून देई. उन्हाळ्यात गोड्या पाण्याची एकच विहीर उरायची, तिच्यावर बायकांची ही लांब रांग. एके दिवशी मी सरळ पुढे जाऊन हंडा लावला. कोणी हूं की चूं केलं नाही. तू कचेरीतून येत होतीस. रांगेजवळ थांबलीस, माझा हंडा उचललास आणि सगळ्यांच्या देखत चालत जाऊन शेवटच्या बाईच्या मागे ठेवलास. "सरपंच मी हाय," म्हणालीस, "तुझा हंडा नाय." दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तू ते ध्यानातही घेतलं नाहीस, तेच जास्त लागलं.

आता रेतीचं सांगते. दादा गिरणीत बदली कामगार होता. संप झाला, लांबला, आणि तो बायको-पोराला घेऊन बेटावर परत आला. त्याच्यासारखे पुष्कळ जण आले. मासेमारी त्यांना नकोशी झालेली, आणि तेवढ्या होड्याही कुठे होत्या? तेवढ्यात रेतीचा कंत्राटदार आला. मागच्या किनाऱ्यावरची रेती काढायची, मोठ्या पडावांत भरायची, मुंबईत इमारती उठतायत तिथे न्यायची. पंचायतीचा ना हरकत दाखला त्याच्याकडे होता, तुझ्या आधीच्या सरपंचांनी दिलेला. दादा मुकादम झाला. पहिल्या पगाराला त्याने तुला लुगडं आणलं, हिरवं, मोठ्या काठाचं. तू ते हौसेने नेसलीस.

दोन वर्षांत किनारा खाली बसला. बोंबील वाळवायच्या काठ्या जिथे उभ्या असायच्या तिथे पाणी आलं. समुद्राकडच्या विहिरी मचूळ झाल्या. म्हातारी माणसं तुझ्याकडे येऊन सांगायला लागली. तू रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जायचीस आणि एका माडापासून पाण्यापर्यंत पावलं मोजायचीस. आकडे मनात ठेवायचीस. दाखल्याची मुदत संपत आली, तेव्हा तू घरात एवढंच म्हणालीस, "ह्या खेपेला सही नाय."

दादा जेवत होता. घास तसाच हातात राहिला. "आये, वाट लागंल. पन्नास घरांची. माजी पयली."

"दर्या घरान येल त्याचं काय?"

"दर्या येल तवा येल. मना पोराला आज खायला घालायचाय. तुला खुर्ची पायजे, मना भाकर."

तू उठून भांडी आवरायला घेतलीस. खुर्चीचं तुला एवढं लागलं असेल हे मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बायको-पोराला घेऊन माहुलला, सासुरवाडीला निघून गेला. जाताना तुझ्या पाया पडला नाही. तू धक्क्यावर गेली होतीस. होडी दिसेनाशी होईपर्यंत उभी होतीस असं मला होडीवाल्याने सांगितलं.

त्या संध्याकाळी तू चुलीपाशी मांदेली साफ करत बसली होतीस. वर न बघता म्हणालीस, "लिव. मी सरपंचपद सोडतंय." मला वाटलं रागाने बोलतेयस. पण तू सगळा विचार केला होतास. तू गेलीस की उपसरपंच सही करतील, रेती चालू राहील, पोरगा घरी येईल. "मना झेपत नाय आता," म्हणालीस. तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मी लिहिलं. तू ओल्या हाताने सही केलीस, कागदाच्या कोपऱ्याला एक खवला चिकटला. "ठान्याला ने. हातान दे, टपालान नको."

दुसऱ्या दिवशी मी बोरिवलीला उतरून घोडबंदर रस्त्याच्या एसटीने ठाण्याला गेले. पंचायत समितीच्या कचेरीत शिरले, तर समोरचा कारकून उठून उभा राहिला. "अहो, तुम्ही सरपंचबाईंची मुलगी ना? बसा, बसा." स्वतः खुर्ची पुढे केली, चहा मागवला. बाजूच्या टेबलावरच्याला म्हणाला, "अरे, ते 'आपण भरतीला मेलो का' वाले अर्ज, ह्या लिहितात." सगळे माझ्याकडे बघून हसले, आदराने. "काय काम काढलंत?" त्याने विचारलं. राजीनामा पर्समध्ये होता. पर्सवर माझा हात होता. मी म्हटलं, "काही नाही. विहिरीतल्या गाळाच्या अर्जाचं काय झालं, विचारायला आले होते."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी तो कागद फाडला. घरी आले. तू विचारलंस, "दिलास?" मी म्हटलं, "दिला."

मग तू उत्तराची वाट बघत राहिलीस. टपालवाला आला की मान वर करायचीस. आठ दिवस गेले, पंधरा गेले. कंत्राटदार नवा दाखला सहीला घेऊन आला, त्याला तू सांगितलंस, थांब जरा. आणि त्याच पंधरवड्यात आषाढातली मोठी भरती आली. पुढच्या रांगेतल्या दोन घरांचे ओटे गेले, एकीची चूल गेली, भांडी दुसऱ्या दिवशी खाजणाच्या चिखलात सापडली. माणसं वाचली, कारण भरती दिवसाउजेडी आली. तू पाण्यात उभी राहून म्हाताऱ्यांना बाहेर काढत होतीस. मी तुझ्या शेजारी होते, आणि मला एसटीत फाडलेला कागद आठवत होता.

ग्रामसभा मच्छीमार सोसायटीच्या आवारात भरली. अर्धे लोक रेतीच्या बाजूचे, अर्धे रडवेले. कंत्राटदार गोड बोलला, म्हणाला, बंधारा बांधून देतो. मग सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू उठलीस. "मी ह्या खुर्चीवर चार दिसांची पावनी हाय," म्हणालीस. "कागद येल, मी जाईन. पन आज हाय. तं आज सही नाय." लोकांना वाटलं ही नम्रता. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तू कोणत्या कागदाबद्दल बोलतेयस हे त्या आवारात फक्त मला माहीत होतं.

रेती थांबली. आपल्या दारात कोणी कोणी सडकी मासळी टाकून गेलं, तू ती उचलून माडाच्या मुळाशी पुरलीस. पुढची निवडणूक तू हरलीस, आणि चांगल्याच फरकाने हरलीस. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या होडीला पाटी घेऊन हजर. होडीवाल्याने सवयीने पुढची जागा झाडून दिली, तर तू म्हणालीस, "तिकरं नवा सरपंच बसंल," आणि पाटीवाल्या बायकांत जाऊन बसलीस. पण नव्या सरपंचानेही सही केली नाही. पाणी घरात शिरलेलं सगळ्यांनी बघितलं होतं, आता कोणाची हिंमत नव्हती. ती पुढची रांग अजून उभी आहे, आये. परवा तिथूनच चालत गेले. पोरं क्रिकेट खेळत होती.

दादा मात्र नऊ वर्षं आला नाही. तू जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर सुके बोंबील पाठवायचीस. तो घ्यायचा, निरोप द्यायचा नाही. तू अंथरूण धरलंस तेव्हा आला. तोवर ठाण्याची फेरी, तो कारकून, सगळं विसरायचा माझा प्रयत्न करून झाला होता. तो तुझे पाय चेपत बसायचा, तू त्याच्या पोराची चौकशी करायचीस, त्या नऊ वर्षांचं दोघांनीही काढलं नाही. एका दुपारी तो औषध आणायला गेला होता. तू मला जवळ बोलावलंस. "त्या कागदाचं उत्तर आलंच नाय ना गं?"

"नाही आलं."

तू आढ्याकडे बघितलंस. मग हसलीस. "तू लिवलेल्या सगल्या कागदांचं आलं. तो एकच कसा हरवला सरकारनं." माझ्या हातावर तुझा हात होता. त्यात राग नव्हता. तुला कळलं होतं का, हे मी विचारलं नाही. चार दिवसांनी तू गेलीस.

तू गेल्यावर मी स्वतःला समजावत आले, की मी तो कागद बेटासाठी फाडला. तुझी हिंमत एक दिवस कमी पडली, ती मी भरून काढली. दादाची नऊ वर्षं त्यात गेली, तुझीही गेली, पण घरं वाचली. नातीपुढे ते तसं सांगता आलं असतं. शोभलंही असतं. पण ते खरं नाही. रेती, दर्या, पुढची रांग, यातलं काहीच त्या कचेरीत माझ्या मनात नव्हतं. तिथे मला खुर्ची मिळाली होती, चहा सांगितला होता, आणि राजीनामा दिल्यावर पुढच्या खेपेला मला दाराशी उभं राहावं लागलं असतं. एवढंच होतं, आये. मला सरपंचाची मुलगी राहायचं होतं.